बिनतारी संच आणि ध्वनिमुद्रक यांचा सांधा

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास आणि ध्वनिमुद्रणाचा इतिहास हे दोन्ही विषय अभ्यासकांस सुपरिचित आहेत. परंतु ते बहुधा दोन निरनिराळ्या ग्रंथांत वाचावयास मिळतात. एकात मार्कोनी, फेसेंडेन व डी फॉरेस्ट यांची चरित्रे येतात, तर दुसऱ्यात एडिसन, बर्लिनर आणि पौल्सेन यांची. ही दोन यंत्रे परस्परांस जोडावी, बिनतारी संचात ऐकू आलेले टिपून ठेवावे आणि टिपलेले पुन्हा त्याच संचावाटे बाहेर पाठवावे, हा विचार प्रथम कोणाच्या मनात आला व तो कोणत्या साधनांनी सिद्धीस गेला, हा प्रश्न दोन्ही ग्रंथांच्या मधल्या फटीत राहून गेला आहे. याचे एक कारण उघड आहे. या जोडणीत नवा शोध असा काही दिसत नाही. संच एकाने शोधलेला, मुद्रक दुसऱ्याने; जोडणाऱ्याच्या वाट्याला केवळ सांधा आला. आणि तो सांधा पुष्कळदा एखाद्या हौशी माणसाने घरातील मेजावर, हाताशी असलेल्या वस्तूंतून तयार केलेला होता. तथापि या सांध्याने जे घडविले ते दोन्ही मूळ यंत्रांपैकी एकालाही स्वतंत्रपणे घडविता आले नसते, हे पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हाती असूनही त्यांचा सांधा सुलभ झाला नाही, याचे उदाहरण डॅनिश अभियंता वाल्देमार पौल्सेन याचे आहे. १८९८ साली त्याने पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठविणाऱ्या ‘टेलिग्राफोन’चा शोध लावला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या यंत्रावर ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रांझ योझेफ याचा आवाज टिपण्यात आला. लवकरच याच पौल्सेनने विद्युत्-कमानीपासून अखंड लहरी निर्माण करणारा प्रक्षेपक तयार केला. आणि मानवी वाणी वाहून नेण्यास अशाच अखंड लहरी लागतात. म्हणजे आवाज साठविणारे यंत्र आणि आवाज दूर नेणारे यंत्र ही दोन्ही एकाच घरात नांदत होती. अडचण होती ती दुबळेपणाची. तारेवरून परत मिळणारा नाद इतका क्षीण असे की कानाला कर्णयंत्र लावूनच तो ऐकावा लागे. आणि बिनतारी ग्राहकातून येणारा नाद त्याहून सशक्त होता असे नाही. दोन दुबळ्यांना एकमेकांच्या आधाराने उभे करावयाचे तर मध्ये तिसरा कोणीतरी बलवान हवा होता. तो बलवान म्हणजे विवर्धक, आणि व्यवहारात उपयोगी पडेल असा विवर्धक डी फॉरेस्टच्या ‘ऑडिऑन’ नळीपासून तयार होण्यास १९१२ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर १९१५ सालचे सेव्हिल प्रकरण पाहावयाचे आहे.

पहिले महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या. त्यानंतर जर्मनीला अमेरिकेशी थेट संपर्क ठेवण्यास बिनतारी केंद्रांचाच काय तो आधार उरला. अशी दोन मोठी केंद्रे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होती: एक न्यू जर्सीतील टकर्टन येथे व दुसरे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेव्हिल येथे. सेव्हिलचे केंद्र टेलिफुंकन कंपनीच्या पद्धतीने उभारलेले होते. त्याची मालकी कागदोपत्री अटलांटिक कम्युनिकेशन कंपनीकडे होती, आणि त्याचे बोलणे बर्लिनजवळील नाउएन केंद्राशी चाले. अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. तटस्थ राष्ट्राच्या भूमीवरून युद्धमान राष्ट्राला लष्करी उपयोगाचे संदेश जाऊ नयेत म्हणून अध्यक्ष विल्सन यांच्या आज्ञेने सेव्हिलमध्ये नौदलाचे तपासनीस बसविण्यात आले. टकर्टनचे केंद्र तर सरकारने आधीच आपल्या ताब्यात घेतले होते.

तपासनीस पाहात ते कागद. पाठवावयाचा संदेश साध्या भाषेत लिहिलेला असे. मालाच्या खरेदी-विक्रीचा, बाजारभावाचा, बँकेच्या व्यवहाराचा मजकूर त्यात असे. त्यात आक्षेपार्ह काही नसले तर तो मंजूर होई. ७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’ ही उतारू बोट जर्मन पाणबुडीने बुडविली आणि सेव्हिलविषयीचा संशय तीव्र झाला. संशयाचे स्वरूप मात्र सूक्ष्म होते. कागदावरील मजकूर निर्दोष असला तरी तो पाठविताना चालकाचा हात काय करतो? एखादा शब्द दोनदा पाठविला जातो काय? मध्येच थांबून काही अक्षरे पुन्हा दिली जातात काय? चूक झाली असे दाखवून ती दुरुस्त केली जाते, त्या चुकीतच काही सांगितले जाते काय? मोर्सच्या संदेशात अक्षरांइतकेच विराम महत्त्वाचे असतात, आणि विरामाला कागदावर जागा नसते.

येथे कानाची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. केंद्रावर पाळत ठेवावयाची तर सामान्य उपाय असा की एखाद्या कुशल चालकाने दुरून तेच संदेश ऐकून लिहून घ्यावेत. परंतु चालक जितका कुशल तितका या कामी निरुपयोगी. कुशल चालक अक्षरे ऐकत नाही, शब्द ऐकतो. द्विरुक्ती त्याचा हात आपोआप गाळतो, अडखळणे तो विसरतो आणि चुकलेले शब्द तो न कळत शुद्ध करून उतरवितो. त्याने तयार केलेली प्रत तपासनिसाच्या प्रतीइतकीच निर्मळ निघावयाची. (जुन्या पोथ्यांच्या नकला तपासणाऱ्यांस हा अनुभव नवा नाही, विद्वान लेखनिकापेक्षा अर्थ न कळणारा लेखनिक पुष्कळदा अधिक विश्वासार्ह ठरतो.) सरकारला हवा होता तो असा लेखनिक की ज्याला काहीच समजत नाही व जो म्हणूनच काहीच सोडत नाही.

तो न्यू जर्सीतील वेस्टफील्ड या गावी एका घरात सापडला. चार्ल्स आपगार हा तेथील हौशी रेडिओचालक. त्याच्या केंद्राचे चिन्ह ‘२ एम एन’ असे होते. बिनतारी ग्राहकात ऐकू येणारे संकेत एडिसनच्या फोनोग्राफच्या मेणाच्या दंडगोलावर उतरविण्याची युक्ती त्याने साधली होती. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु त्या काळी फोनोग्राफवर मुद्रण करावयाचे म्हणजे कर्ण्यापुढे उभे राहून मोठ्याने गावे वा बोलावे लागे. मेण कोरणाऱ्या सुईला हलविणारी शक्ती म्हणजे गाणाऱ्याच्या फुप्फुसातील हवाच होय. विद्युत्-प्रवाहाने सुई चालविण्याची पद्धत तबकड्यांच्या कारखान्यांत रूढ झाली ती १९२५ च्या सुमारास, म्हणजे यानंतर दहा वर्षांनी. दूरवरून आलेला आणि कर्णयंत्रात डास गुणगुणावा इतपतच वाजणारा संकेत मेणात चर पाडण्याइतका बलवान करावयाचा, हा आपगारपुढील प्रश्न होता. संकेताचे टप्प्याटप्प्याने विवर्धन करून अखेरीस टेलिफोनचा पडदा मुद्रकाच्या पडद्यासमोर आणणे हा त्याच्या योजनेचा गाभा होय. बाजारात असा विवर्धक-मुद्रक मिळत नव्हता. सर्व बांधणी घरचीच होती.

अमेरिकेच्या गुप्त सेवेचा प्रमुख विल्यम फ्लिन याच्या विनंतीवरून ७ जून १९१५ पासून आपगार रोज रात्री सेव्हिलचे प्रक्षेपण टिपू लागला. सुमारे दोन आठवडे हा क्रम चालला. दंडगोल काही मिनिटांतच भरे. तो काढून दुसरा चढवावयाचा, आणि रात्रभराचे दंडगोल दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी द्यावयाचे. ते हळू गतीने फिरविता येत, पुन्हा पुन्हा ऐकता येत आणि अनेकांनी एकत्र बसून ऐकता येत. बिनतारीवरील शब्द हा तोवर उच्चारताच नाहीसा होणारा होता. तो कोणी पाठविला व कसा पाठविला याविषयी दोन साक्षीदारांत मतभेद झाला तर निर्णय करण्यास कोणतेही साधन नव्हते. मेणाच्या दंडगोलाने ते साधन प्रथमच दिले.

जुलै १९१५ मध्ये अमेरिकन सरकारने सेव्हिलचे केंद्र ताब्यात घेतले व ते नौदलाकडे सोपविले. वृत्तपत्रांनी याचे श्रेय आपगारच्या दंडगोलांस दिले आणि पुढील बहुतेक लेखकांनी तेच उचलले. या ठिकाणी थोडे सावध राहणे इष्ट आहे. सरकारने जाहीरपणे मांडलेली बाजू निराळी होती. युद्ध सुरू झाल्यानंतर सेव्हिल केंद्राची नवी व अधिक सामर्थ्यवान उभारणी झाली होती. अशा केंद्राला परवाना देणे हे तटस्थतेशी विसंगत ठरेल, असा तो युक्तिवाद होता. दंडगोलांत गुप्त संकेत निर्विवादपणे सिद्ध झाले असते तर परवान्याच्या मुद्द्याचा आश्रय घेण्याचे प्रयोजन काय होते, असा प्रश्न विचारता येतो. त्यावर, सरकारला आपली पाळत उघड करावयाची नव्हती, असे उत्तर देता येईल. पण ते अनुमानच राहील. निश्चित म्हणता येते ते इतकेच की मुद्रणाने संशयाला तपासण्याजोगे रूप दिले. त्या रूपातून काय निष्पन्न झाले याविषयीची प्रसिद्ध कथा मात्र पुराव्यापेक्षा मोठी झाली आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये एनबीसीच्या एका कार्यक्रमात वृद्ध आपगारने आपली हकीकत सांगितली व सेव्हिलच्या संकेतांचे मुद्रण ऐकविले. त्या कार्यक्रमाचेच मुद्रण पुढे जपले गेले, म्हणून १९१५ चा तो नाद आज ऐकता येतो. म्हणजे नभोवाणीवरून टिपलेला आवाज पुन्हा नभोवाणीवरून गेला आणि तेथून पुन्हा टिपला गेला. या विषयाच्या अभ्यासकाला याहून समर्पक अवशेष मिळणे कठीण. आपगार १९५० मध्ये निवर्तला.

सेव्हिल प्रकरणात मुद्रण हे सत्तेच्या हाती होते आणि प्रक्षेपण संशयिताच्या. मुंबईत १९४२ साली ही मांडणी उलटी झाली. ऑगस्टच्या आंदोलनात नेते तुरुंगात गेल्यावर उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे भूमिगत केंद्र चालविले. ४२·३४ मीटरवरून त्याचे प्रक्षेपण होई. युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, हिंदुस्थानातील हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द करण्यात आले होते. परवानाधारकांपैकी मुंबईचे नरिमन प्रिंटर यांच्या तंत्रज्ञानाचा या केंद्राच्या उभारणीस आधार मिळाला. हे केंद्र एकमार्गी होते, दुहेरी संभाषणाचे नव्हे. तरीही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. पोलिसांची पाळत वाढली तेव्हा मुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळ्या ठेवण्यात आल्या. बोलणारा एका ठिकाणी बोले. त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणाहून निघे. दिशाशोधक यंत्रे घेऊन फिरणाऱ्या पोलिसांस प्रक्षेपकाचा पत्ता लागला तरी तेथे वक्ता सापडावयाचा नाही. सेव्हिलमध्ये मुद्रणाने बोलणाऱ्याला पकडण्याचा यत्न झाला. मुंबईत त्याने बोलणाऱ्याला दडविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर छापा पडला आणि पुढे खास न्यायालयाने उषा मेहता यांस चार वर्षांची शिक्षा दिली. सरकारने पाळतीवरील श्रोत्यांकडून ही भाषणे उतरवून घेतली होती, आणि अभ्यासकांस आज त्यांचा मजकूर मिळतो तो मुख्यतः त्या सरकारी कागदांतूनच.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय मुद्रण घरोघरी येण्याच्या बेतात आले. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ साली दाखविलेला ‘माग्नेटोफोन’ युद्धानंतर अमेरिकेत पोहोचला आणि १९४८ पासून तेथे फितीचे व्यावसायिक मुद्रक निघू लागले. त्याआधीची दोन-तीन वर्षे पोलादी तारेच्या मुद्रकाची होती. सेकंदास २४ इंच या गतीने एक तास बोलावयाचे तर ७,२०० फूट तार लागे, आणि केसासारखी ती तार तुटून गुंतली की सोडविणाऱ्याची परीक्षा होई. हौशी रेडिओचालकांनी तार व फीत या दोहोंचा उपयोग प्रथम केला तो आरशासारखा. समोरच्या केंद्राचा आवाज टिपून घ्यावयाचा आणि तोच त्याला परत ऐकवावयाचा, म्हणजे त्याला आपले प्रक्षेपण दूरच्या कानाला कसे लागते ते कळे. “आवाज घोगरा येतो” असे सांगण्यापेक्षा तो घोगरा आवाजच परत पाठविणे निःसंशय परिणामकारक होते. पुढे स्पर्धांतून तासन्‌तास एकच हाक घालण्याच्या श्रमापासून सुटका म्हणून फितीचे अखंड वेटोळे वापरात आले. हाक एकदा टिपली की यंत्र ती घालीत राही व चालक पाणी पिई. दुहेरी संचावर मुद्रक आता कान न राहता तोंड झाला.

या टप्प्यावर सांध्याच्या स्वरूपातही बदल झाला, आणि घरी बांधणाऱ्यांस खरी अडचण येथेच येत असे. आपगारला नाद वाढवावयाचा होता. आताच्या जोडणाऱ्यास तो कमी करावयाचा होता. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्-दाब काही सहस्रांश व्होल्ट असतो, तर मुद्रकाच्या ध्वनिवर्धकाकडे जाणारा दाब एक व्होल्टच्या आसपास. तो तसाच संचाच्या मायक्रोफोन-मुखी दिला तर आवाज फाटतो आणि शेजारच्या लहरींवरही कर्कश पसरतो. यासाठी दोन रोधकांची विभागणी करून दाब सुमारे शंभरपट उतरवावा लागतो. दुसरी अडचण गुणगुणीची. दोन्ही यंत्रांस भूमीची जोडणी दोन वाटांनी मिळाली की त्या वेढ्यात विजेच्या पुरवठ्याची गुणगुण शिरते. मध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर घालून ही वाट तोडतात. तिसरी अडचण सर्वांत फसवी: प्रक्षेपकाची स्वतःची उच्च-कंपन लहर जोडतारांतून मुद्रकात परत शिरते आणि मूळ मुद्रण निर्दोष असूनही बाहेर किंचाळी ऐकू येते. बारीक धारित्राने व फेराइटच्या मण्याने तिचा बंदोबस्त होतो. शिवाय बोलताना दाबावयाची कळ आता माणसाच्या हाती नसून मंडलाच्या हाती असते. मुद्रण संपताच ती सुटली नाही तर संच निःशब्दपणे प्रक्षेपण करीत राहतो आणि ती लहर इतर सर्वांस बंद होते.

१९९० च्या सुमारास या सांध्याचा मुद्रकाकडील निम्मा भाग एकाच चिपेत सामावला. कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन स्टोरेज डिव्हायसेस या कंपनीने काढलेल्या आयएसडी मालिकेच्या चिपा हौशी मंडळींत विलक्षण लोकप्रिय झाल्या. मायक्रोफोनचा विवर्धक, गाळणी, स्मृती आणि ध्वनिवर्धकाचा चालक हे सर्व त्यांत एकत्र होते. मुद्रण संपल्याची खूण देणारी एक स्वतंत्र वाटही त्यांत होती, आणि प्रक्षेपणाची कळ वेळेवर सोडण्यास नेमके तेच हवे होते. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की ही स्मृती अंकीय नव्हती. वीस सेकंदांच्या चिपेत आवाजाचे सेकंदास ६,४०० नमुने घेतले जात आणि प्रत्येक नमुन्याचा विद्युत्-दाब, त्याचे शून्य-एकात रूपांतर न करता, तसाच एका कोशात भाररूपाने ठेवला जाई. अशा सुमारे १ लाख २८ हजार कोशांत वीस सेकंदांचे बोलणे मावे. साठ सेकंदांच्या चिपेत नमुने सेकंदास ८,००० व कोश ४ लाख ८० हजार. तोच नमुना आठ अंकी स्थानांत मांडला असता तर कोश आठपट लागले असते. म्हणून स्मृती महाग होती तोवर ही पद्धत परवडली. ती स्वस्त होताच मागे पडली. ज्या अर्थाने मेणातील चर आणि तारेवरील चुंबकत्व ही आवाजाची प्रतिकृती होती त्याच अर्थाने या कोशांतील भारही प्रतिकृतीच होता. संगणकाच्या युगात जन्मलेले हे साधन कुळाने पौल्सेनच्या घराण्यातील म्हणावे लागेल. वीस सेकंद ही मर्यादा फार तोकडी वाटते, परंतु आपले चिन्ह दोन-तीनदा सांगून हाक घालण्यास ती पुरेशी असे.

याच चिपांतून हौशी मंडळींनी आणखी एक योजना पूर्णत्वास नेली. तिला ते ‘पोपट’ म्हणतात. नेहमीच्या पुनःक्षेपकास दोन कंपनसंख्या लागतात, कारण तो एकीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. त्यामुळे महाग गाळण्या व दोन संच लागतात. पोपटाला एकच साधा संच पुरतो. डोंगरमाथ्यावर ठेवलेला हा संच बोलणे संपेपर्यंत ऐकून टिपून घेतो व मग त्याच कंपनसंख्येवर ते पुन्हा बोलून दाखवितो. दरीच्या दोन बाजूंस असलेली, एकमेकांस कधीच न ऐकू येणारी माणसे त्याच्या मार्फत बोलू शकतात. अर्थात प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जात असल्याने संभाषणास दुप्पट वेळ लागतो, आणि बोलणाऱ्यास आपले प्रत्येक वाक्य आपल्याच आवाजात, आपल्या सर्व अडखळण्यांसह, निमूटपणे ऐकून घ्यावे लागते. परक्या केंद्राचे अडखळणे टिपण्यासाठी वेस्टफील्डला रात्ररात्र दंडगोल बदलीत बसणाऱ्या आपगारला हा प्रकार पाहून मौज वाटली असती.